धडधड चालू असतानाचा ईसीजी

माझ्या आजाराची अडचण अशी होती, की दवाखान्यात पोचेपर्यंत तो थांबलेला असायचा. घरी छातीत एवढं धडधडायचं की ब्लाऊजचं कापड हलताना दिसायचं. मग गाडी शोधा, तालुक्याला पोचा, केसपेपर काढा, रांगेत बसा. नंबर लागेपर्यंत ठोके जागेवर आलेले असायचे. ईसीजी नॉर्मल, बीपी नॉर्मल, साखर नॉर्मल. डॉक्टर म्हणायचे, "ताई, काही नाही तुम्हाला. टेन्शन घेऊ नका." मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात आशा म्हणून काम करते. घरी थोडी कोरडवाहू कपाशी आहे. टेन्शन कोणाला नसतं? पण टेन्शन एका ठोक्यात सुरू होऊन एका ठोक्यात संपत नाही, आणि माझी धडधड नेमकी तशी होती.

वाकलं की लागायची. कपाशी वेचताना, टाक्यातून बादली काढताना, अंगणवाडीत लेकराचं वजन घेताना. एक ठोका चुकल्यासारखा वाटायचा आणि पुढच्या क्षणी छातीत धावपळ सुरू. मानेत तर असे ठोके उडायचे की समोरच्या माणसालाही दिसायचे. हातपाय गार, डोळ्यांपुढे अंधारी, बसून राहावंसं वाटायचं. कधी पाच-दहा मिनिटं, कधी तासभर. मग एक जोराचा ठोका पडायचा आणि सगळं शांत. त्यानंतर तास-दोन तास सारखी लघवीला जायचे, तीही पाण्यासारखी. ही गोष्ट मी डॉक्टरांना सांगायची नाही, कारण तिचा छातीशी काही संबंध असेल असं मला काय, कोणालाच वाटलं नसतं.

गावात प्रत्येकाकडे या दुखण्याला एकेक नाव होतं. शेजारची काकू म्हणे, "गॅस हाये वं, ओवा खात जाय." आत्याबाईंना वाटायचं रक्त कमी आहे. एकीने तर सरळ सांगितलं, "हे बाहेरचं हाये, एकदा उतरवून पाह्य." गावात येणारे डॉक्टर सलाईन लावायचे, सलाईन अर्धी होईस्तोवर धडधड आपली आपण थांबायची आणि सलाईनला यश मिळायचं. मी स्वतः आरोग्याचं काम करणारी. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन किती असावं, लेकराला कोणती लस कधी द्यायची, हे झोपेत विचारलं तरी सांगेन. पण हृदयाच्या ठोक्यांच्या आजाराबद्दल आमच्या प्रशिक्षणात फारसं काही नव्हतं. अटॅक सगळ्यांना माहीत. छातीत कळ, डावा हात दुखणं, घाम. माझं यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे मला हृदयाचं काही असेल हे कोणाच्या मनात आलं नाही.

बदल झाला तो कोरोनाच्या साथीत. २०२० मध्ये घरोघरी तपासणी सुरू झाली तेव्हा आम्हा आशांच्या हातात ऑक्सिमीटर आला. ऑक्सिजन मोजायला दिलेलं यंत्र, पण त्यावर दुसरा आकडा नाडीचा असतो. एकदा धडधड लागली तेव्हा मी ते स्वतःच्या बोटाला लावलं. ऑक्सिजन ९८ आणि नाडी १९४. आधी वाटलं यंत्र बिघडलं. घरधन्याच्या बोटाला लावलं तर ७८. परत माझ्या बोटाला, १९६. मी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला. बसल्या जागी असलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते. धावून आल्यावर, भीती वाटली तर ती वाढते, पण हळूहळू वाढते आणि हळूहळू उतरते. बसल्या बसल्या १९६ होणं हे टेन्शन नव्हे, एवढं मला कोणी न शिकवताही कळलं.

तो फोटो उपकेंद्रातल्या सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, मॅडमना दाखवला. त्यांनी जे सांगितलं ते मी आजही सगळ्यांना सांगते: "ताई, आता पुन्हा लागलं की थांबायची वाट पाहू नका. तसंच निघा. धडधड चालू असताना ईसीजी निघाला पाहिजे. एक पट्टी मिळाली की निम्मं काम झालं."

तसा योग आला तो गावातल्या आरोग्य व पोषण दिवशी. लेकरांची वजनं चालू होती, मी काट्याजवळ वाकले आणि लागलं. मॅडम तिथंच होत्या. त्यांनी नाडी बघितली, लगेच गावातल्या एका पोराला ऑटो काढायला लावला आणि स्वतः सोबत बसल्या. वाटेत मी मनातल्या मनात म्हणत होते, थांबू नको, आत्ता थांबू नको. इतकी वर्षं जे थांबावं म्हणून देवाला हात जोडले, ते त्या दिवशी पोचेपर्यंत टिकावं म्हणून जोडत होते.

ग्रामीण रुग्णालयात खिडकीवर नेहमीचंच, आधी केसपेपर. तिथं मोठी रांग. मॅडम त्या खिडकीशी थांबल्याच नाहीत. मला सरळ आत नेऊन त्यांनी सिस्टरला सांगितलं, "नाडी दोनशेच्या जवळ आहे, आधी ईसीजी लावा, कागद मागून आणते." यासाठी मी त्यांचे उपकार विसरणार नाही. रांगेत उभी राहिले असते तर कदाचित पुन्हा नॉर्मल ईसीजी घेऊन घरी आले असते.

छातीवर सहा, हातापायांना चार अशा तारा लावल्या आणि यंत्रातून कागद सरकू लागला. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्या कागद हातात घेऊन म्हणाल्या, "ही एसव्हीटी आहे, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून एकाएकी सुटणारी वेगवान धडधड." इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या आजाराला कोणी नाव दिलं. रडू आलं मला, आणि ते भीतीचं नव्हतं.

पुढे त्यांनी मला कागद वाचायलाही शिकवलं. ईसीजीचा कागद यंत्रातून सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने बाहेर येतो. त्यावरचा मोठा चौकोन ५ मिलिमीटरचा, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. दोन ठोक्यांमध्ये किती मोठे चौकोन आहेत ते मोजायचे आणि ३०० ला त्या आकड्याने भागायचं. चार चौकोन असतील तर ठोके मिनिटाला ७५. माझ्या कागदावर जेमतेम दीड चौकोन होता, म्हणजे २००. ठोके सगळे एकसारख्या अंतरावर आणि बारीक, टोकदार होते. बारीक म्हणजे करंट हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून नेहमीच्या वाटेने खाली उतरतोय. ठोके रुंद आणि वेगवान असते तर खालच्या कप्प्यांतून उगम असण्याची शक्यता धरावी लागते, आणि तो प्रकार जिवावरचा असू शकतो. म्हणून हा कागद इतका मोलाचा. त्यावरून डॉक्टरला कळतं की घाई किती करायची आणि औषध कोणतं द्यायचं.

औषधाच्या आधी त्यांनी एक साधा उपाय केला. १० मिलीची रिकामी सिरिंज हातात दिली. पाठ टेकवून अर्धवट बसवलं आणि म्हणाल्या, हिच्या तोंडातून इतकं जोरात फुंका की आतला दट्ट्या हलेल, १५ सेकंद सोडू नका. १५ सेकंद झाले की त्यांनी मला झटकन आडवं केलं आणि सिस्टरने दोन्ही पाय उचलून धरले, पुन्हा १५ सेकंद. जोर लावून फुंकल्यावर आणि मग एकदम आडवं होऊन पाय वर गेल्यावर हृदयाचा वेग उतरवणारी नस जागी होते आणि कित्येकांची धडधड तिथंच तुटते. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात असं दिसलं, की नुसतं बसून फुंकल्याने शंभरात १७ जणांना गुण आला, आणि फुंकून लगेच आडवं करून पाय वर धरले तर ४३ जणांना. खर्च एका सिरिंजचा. मला मात्र दोनदा करूनही गुण आला नाही. मग १०८ बोलावली आणि यवतमाळला रवानगी झाली.

यवतमाळला जे इंजेक्शन दिलं त्याचं नाव अ‍ॅडेनोसिन. ते देण्याची पद्धत वेगळी आहे. कोपरातल्या मोठ्या शिरेत सुई, औषध एका झटक्यात, त्याच्यामागे लगेच सलाईनचं पाणी जोरात, आणि हात वर. कारण हे औषध रक्तात काही सेकंदच टिकतं. हळू दिलं तर हृदयापर्यंत पोचायच्या आत संपतं. डॉक्टरांनी आधी विचारलं, दमा आहे का? कारण दम्याच्या रुग्णाला ते त्रासदायक ठरू शकतं. मग म्हणाले, "ताई, काही सेकंद फार वाईट वाटेल. जीव जातोय असं वाटेल. पण जाणार नाही, मी इथं आहे." हे आधी सांगितलं म्हणून मी ते सोसू शकले. छातीवर कोणी गुडघा रोवल्यासारखं दडपण आलं, चेहरा तापला, आणि खरोखर वाटलं की आता संपलं. मॉनिटरवरची रेघ क्षणभर सपाट झाली होती, असं घरधन्याने नंतर सांगितलं. तो दारातून बघत होता आणि त्याचे पाय लटपटले. मग ठोका पडला, दुसरा पडला, आणि नाडी ८८. ज्याला कोणाला हे इंजेक्शन देणार असतील, त्याच्या घरच्यांनाही आधी सांगावं, एवढं मला फार वाटतं.

संध्याकाळी तेच डॉक्टर निवांत बसले. त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. एकदम सुरू होतं का? एकदम थांबतं का? वाकल्यावर लागतं का? मानेत ठोके उडतात का? नंतर खूप लघवी होते का? मी थक्क झाले. त्यांनी माझ्या पाठीमागे उभं राहून ही वर्षं पाहिली होती की काय! त्यांनी माझ्या कागदाच्या मागे चित्र काढून सांगितलं ते असं. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक जागा आहे, तिथून प्रत्येक ठोक्याचा करंट निघतो. वरचे कप्पे आणि खालचे कप्पे यांच्या मध्ये एक नाका आहे, त्यातून तो खाली उतरतो. काही माणसांत या नाक्यापाशी एकाऐवजी दोन वाटा असतात. "तुमच्या गावाला जायला डांबरी रस्ता आणि पांदण, दोन्ही आहेत ना? तसं समजा," ते म्हणाले. डांबरी वाटेने करंट लवकर जातो, पण एकदा जाऊन आला की ती वाट थोडा जास्त वेळ बंद राहते. पांदण हळू, पण लवकर मोकळी होते. एरवी करंट डांबरीनेच जातो आणि काही बिघडत नाही. कधीतरी एखादा ठोका वेळेआधी पडतो. त्याला डांबरी वाट बंद सापडते, तो पांदणीने खाली उतरतो, आणि खाली पोचेपर्यंत डांबरी मोकळी झालेली असते. मग तो डांबरीने उलटा वर येतो, पुन्हा पांदणीने खाली, पुन्हा वर. गोल गोल. प्रत्येक फेरीला एक ठोका. कुठली तरी एक वाट क्षणभर अडली की फेरा तुटतो, म्हणून थांबणंही एकदम. फुंकणं काय आणि अ‍ॅडेनोसिन काय, दोन्ही तो नाका क्षणभर अडवतात.

मानेतल्या ठोक्यांचाही उलगडा झाला. या फेऱ्यात वरचे आणि खालचे कप्पे जवळपास एकाच वेळी आकसतात. मधली झडप बंद असताना वरच्या कप्प्याने जोर लावला की रक्त उलटं मानेच्या शिरांकडे जातं. आणि लघवीचं असं, की वरचे कप्पे ताणले गेले की त्यांतून एक द्रव्य निघतं, ते किडनीला मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतं. या आजाराचं नाव एव्हीएनआरटी. एकाएकी लागणाऱ्या अशा धडधडीतला हा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार, आणि तो पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. या बायकांना वर्षानुवर्षं घाबरटपणाचा किंवा मनाचा आजार म्हणून गोळ्या दिल्या जातात, हे जगभर घडत आलं आहे, असंही ते म्हणाले. माझ्या मनावरचं किती ओझं त्या एका वाक्याने उतरलं, ते मी सांगू शकत नाही.

आता त्या कागदाबद्दल. ईसीजीचा कागद उष्णतेने छापला जातो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या कागदावरची रेघ विरत जाते. म्हणून मिळाल्या मिळाल्या त्याचा मोबाईलवर फोटो काढावा आणि झेरॉक्स काढून दोन्ही जवळ ठेवावं. लॅमिनेशन मुळीच करू नये. आमच्या ओळखीच्या एकाने जपून ठेवायचा म्हणून केलं, तर यंत्राच्या उष्णतेने अख्खा कागद काळा झाला.

पुढे गोळ्या सुरू झाल्या, मेटोप्रोलॉल. धडधड कमी झाली, पण गेली नाही, आणि मला सारखा थकवा यायचा. उन्हात घरभेटी करताना पाय ओढत चालावं लागे. मध्ये २४ तास ठोके नोंदवणारा होल्टर लावला, छातीला चिकटवलेल्या तारा आणि कमरेला छोटं यंत्र. त्या दिवशी नेमकं काही झालं नाही, तर अहवाल नॉर्मल. ज्याची धडधड रोज किंवा दिवसाआड होते त्याला होल्टर उपयोगी. माझ्यासारखं महिन्यातून कधीतरी लागणाऱ्याला एका दिवसात सापडेलच असं नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला आला, म्हणजे झडपा आणि स्नायू ठीक. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही तपासलं, कारण त्यांच्यामुळेही ठोके वाढतात. शेवटी डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. म्हणाले, गोळी दाबून ठेवते. मुळापासून घालवायचं तर ती जास्तीची वाट तारेने जाळायची, म्हणजे अ‍ॅब्लेशन.

नागपूरच्या ओपीडीत बसलेल्या माणसांकडून मला जेवढं कळलं तेवढं कोणत्याही पत्रकातून कळलं नसतं. ठोक्यांचा आजार म्हणजे एकच आजार नाही. वर्ध्याकडची एक बाई होती, माझ्याच वयाची. तिला लहानपणी सांधे सुजून ताप यायचा. त्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आखडली, वरचा कप्पा ताणला गेला, आणि आता तिचे ठोके कायम बेताल होते. एट्रियल फिब्रिलेशन. वरचा कप्पा नीट आकसतच नाही, नुसता थरथरतो. तिथं रक्त साचून गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली की लकवा. तिला रक्त पातळ करणारी गोळी होती आणि ठरावीक काळाने आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासायला यावं लागे. तिला तो आकडा २ ते ३ च्या मध्ये ठेवायला सांगितला होता. पालेभाजी बंद करायची नाही, पण एकदम जास्त आणि एकदम कमी असंही करायचं नाही, हे तिला पाठ होतं. ती म्हणाली, "गोळी चुकली की मायी पोरगीच मले रागावते." लहानपणी घसा दुखून नंतर सांधे सुजतात त्या लेकरांना पेनिसिलिनचं इंजेक्शन दर २१ दिवसांनी वर्षानुवर्षं का देतात, ते मला त्या बाईकडे पाहून कळलं. आता अशा लेकराचं इंजेक्शन चुकलं तर मी घरी जाऊन बसते.

एक म्हातारे काका होते, त्यांचं उलटं. नाडी ३५. वावरात उभ्या उभ्या पडायचे. घरच्यांना मिरगी वाटली आणि मिरगीच्या गोळ्याही झाल्या. त्यांच्यात वरचा करंट खाली पोचतच नव्हता. अशाला गोळीने भागत नाही, गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर, म्हणजे ठोके देणारं छोटं यंत्र, बसवतात. त्यांचा बसवून झाला होता आणि ते तपासणीला आले होते. बॅटरी साधारण दहा वर्षं जाते, मोबाईल दुसऱ्या बाजूच्या कानाला लावायचा, हे त्यांनीच मला सांगितलं. आणखी एक जण अटॅकनंतर खालच्या कप्प्यातून वेगवान ठोके सुटणारा, त्याच्या छातीत शॉक देणारं यंत्र होतं.

माझ्या या उपचाराचे पैसे आयुष्मान कार्डातून भागले. २०२४ च्या फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पात आशा आणि अंगणवाडीच्या ताईंना त्या योजनेत घेतल्याची घोषणा झाली होती. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. कार्ड, रेशनकार्ड, आधार आणि ईसीजी घेऊन आधी तिथं जावं, आपला नेमका उपचार यादीत बसतो का ते विचारावं आणि मंजुरी आल्यावरच भरती व्हावं. आम्ही तसंच केलं.

सही घेताना डॉक्टरांनी धोका लपवला नाही. ती सावकाश वाट, म्हणजे पांदण, जाळायची, पण ती मुख्य नाक्याच्या अगदी जवळ असते. शंभरात एखाद्याचा नाका दुखावतो आणि मग पेसमेकर लागू शकतो. यश शंभरात ९५ हून जास्त जणांत येतं. थोड्यांना पुन्हा त्रास होतो आणि पुन्हा करावं लागतं. घरधनी गप्प झाला. आत्याबाई फोनवर म्हणाल्या, "गोळी घे ना वं जन्मभर, काहून जाळून घेतं?" मी दोन्ही बाजू तोलल्या. विहिरीच्या काठावर वाकताना लागलं तर? पाठीवर लेकरू घेऊन नाला ओलांडताना लागलं तर? मी सही केली.

गोळ्या काही दिवस आधी बंद केल्या होत्या, कारण त्यांनी धडधड दाबली तर फेरा सापडणार नाही. पूर्ण भूल नव्हती. उजव्या जांघेत बधिर करायची सुई, ती तेवढी चावली. तिथल्या शिरेतून तीन-चार बारीक तारा वर हृदयापर्यंत नेल्या. सरकताना दुखत नाही. हृदयाच्या आतून तारेचा स्पर्श कळत नाही, फक्त मध्येच एखादा ठोका उडतो. वर एक्स-रेचं यंत्र, खोली गारठवणारी, अंगावर हिरवी चादर. डॉक्टरांच्या अंगावर शिशाचा जड अंगरखा, तो घालून तासन्‌तास उभं राहायचं. मग ते म्हणाले, "ताई, आता मी मुद्दाम धडधड सुरू करतो." तारेतून छोटे झटके, वेळेआधीचे ठोके, आणि लागलं! तेच, अगदी तेच. मानेतही. मी म्हणाले, "सर, हेच ते." बाहेरच्या काचेआडून कोणीतरी म्हणालं, कन्फर्म. मग एका झटक्याने त्यांनी ते थांबवलं. जे माझ्या हातात कधीच नव्हतं ते कोणीतरी हवं तेव्हा सुरू करतंय, हवं तेव्हा थांबवतंय, हे पाहून माझी भीती निम्मी झाली.

जाळणं म्हणजे आग नव्हे. तारेच्या टोकातून रेडिओलहरी सोडतात, त्याने टोकाला लागलेला काही मिलिमीटरचा भाग तापून निकामी होतो. तंत्र तसं फार जुनं नाही. तारेतून हृदयातली वाट बंद करण्याची सुरुवात १९८२ मध्ये झाली, तेव्हा मोठा विजेचा शॉक देत. रेडिओलहरी नंतर आल्या, आणि माझ्या आजारातली सावकाश वाट नेमकी गाठून जाळण्याची पद्धत १९९० च्या सुमाराची. तारेची ही सोय नव्हती तेव्हा ज्याचं गोळीने भागत नसे त्याची छाती उघडावी लागे. मला जाळताना छातीत थोडी ऊब आणि जबड्याकडे ओढल्यासारखं वाटलं. हलायचं नाही, खोकायचं नाही, एवढंच माझं काम. डॉक्टर सारखे पडद्याकडे बघत होते. नाक्याला धक्का लागतोय असं दिसलं की त्याच क्षणी थांबायचं. तसं काही झालं नाही. मग ठोके वाढवणारं औषध सलाईनमधून देऊन त्यांनी पुन्हा पुन्हा धडधड लावून पाहिली. लागली नाही. आणखी अर्धा तास थांबून परत पाहिली. नाहीच लागली.

नंतर जांघेवर दाब, पाय सरळ ठेवून कित्येक तास पडून राहायचं. सगळ्या प्रकारात मला तेवढंच कठीण गेलं, कंबर धरली होती. दुसऱ्या दिवशी सुट्टी. आठवडाभर जड उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. जांघेत काळंनिळं पडलं होतं, ते ओसरलं. पहिले काही आठवडे मधूनच एखादा ठोका उडायचा आणि माझा श्वास अडकायचा, आता सुरू होणार म्हणून. पण तो एकटाच यायचा आणि जायचा. हे होतं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. त्यानंतरच्या हंगामात मी कपाशी वेचली, वाकून, पूर्ण ओळीच्या ओळी.

माझ्याकडे आता गावातल्याच नाही, शेजारच्या गावच्याही बाया धडधडीची तक्रार घेऊन येतात. बहुतेकींचं रक्त कमी निघतं. एका पोरीचं हिमोग्लोबिन ७ होतं. तिला लोहाच्या गोळ्या आणि जंताची गोळी लागली, हृदयाचा डॉक्टर नाही. एका आजीची नाडी हाताला बेताल लागली, एक ठोका लवकर, एक उशिरा, कसला मेळ नाही. तिला ईसीजीला नेलं तर एट्रियल फिब्रिलेशन निघालं आणि लकव्याच्या आधी औषध सुरू झालं. मी सगळ्यांची नाडी पूर्ण एक मिनिट मोजते, कारण पंधरा सेकंदात बेतालपणा सुटून जाऊ शकतो. वाकल्यावर एकाएकी लागतं म्हणणारीला मी ऑक्सिमीटरचा फोटो आणि चालू धडधडीतला ईसीजी, या दोन्हीसाठी तयार करते. कोणत्या गाडीने जायचं, कोणाला फोन करायचा, हे आधीच ठरवून ठेवतो. सिरिंज फुंकायलाही शिकवते, पण पहिला ईसीजी निघून डॉक्टरांनी एसव्हीटी सांगितल्यावरच.

माझ्या उरलेल्या गोळ्या मागायला कोणी आलं तर मी देत नाही. जन्मतःच वरच्या-खालच्या कप्प्यांमध्ये एक जास्तीची वाट असलेली माणसं असतात, त्यांना डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात. त्यांचे ठोके बेताल आणि वेगवान झालेले असताना, माझ्या गोळ्यांसारखं नाका अडवणारं औषध उलटून जीव धोक्यात येऊ शकतो. बाहेरून धडधड सारखीच दिसते. फरक कागदावरच कळतो, आणि पुष्कळदा तो शांत असतानाच्या ईसीजीतही दिसतो. म्हणून नॉर्मल वाटणाऱ्या माणसाचाही एकदा ईसीजी काढून घ्यावा.

आणि धडधडीबरोबर चक्कर येऊन कोणी पडलं, छातीत दुखलं, दम लागला, पळताना किंवा खेळताना पोरगं कोसळलं, घरात कोणी तरुण वयात अचानक गेलेलं असलं, तर पुढची धडधड लागायची वाट पाहायची नाही, फुंकणं वगैरे करत बसायचं नाही. गेल्या पावसाळ्यात शाळेच्या मैदानावर एक पोरगा कबड्डी खेळता खेळता पडला आणि मिनिटभरात उठून बसला. त्याची माय म्हणाली, "उपाशी गेल्ता, म्हनून पडला." मी त्याला घरी जाऊ दिलं नाही. १०८ लावली, मायला सोबत बसवलं, आणि गाडीतल्या डॉक्टरांना सांगितलं की हा बसल्या जागी नव्हे, पळताना पडलाय.